झाड माणसासारखे असायलाच हवे का?

ऑगस्ट १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅनडातील वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ब्रिटिश कोलंबियातल्या जंगलात त्यांनी बर्च आणि डग्लस फर या दोन जातींच्या रोपांना कार्बनची वेगवेगळी समस्थानिके दिली आणि एका जातीने शोषलेला कार्बन दुसरीपर्यंत पोहोचतो, हे दाखवले. या दोन्ही जातींच्या मुळांवर काही समान बुरशी वाढतात. त्यामुळे हा प्रवास मुख्यतः बुरशीच्या तंतूंमधून होत असावा, असा त्यांचा कयास होता. फरच्या रोपावर दाट सावली धरली की त्याच्याकडे येणारा कार्बन वाढतो, हेही त्यांना आढळले. पुढच्या पाव शतकात या मोजक्या निरीक्षणांभोवती एक मोठी कथा उभी राहिली. जर्मन वनाधिकारी पीटर वोहलेबेन यांचे २०१५ चे पुस्तक आणि खुद्द सिमार्ड यांचे २०२१ चे पुस्तक जगभर वाचले गेले. जुनी झाडे म्हणजे जंगलाच्या आया, त्या आपली पिल्ले ओळखतात, त्यांना जमिनीखालून खाऊ पाठवतात, संकटाची सूचना देतात, ही कल्पना शाळांपासून चित्रपटांपर्यंत पोहोचली. ज्यांनी कधी झाडाकडे मान वर करून पाहिले नव्हते, त्यांनाही तिने हलवले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वनशास्त्रज्ञांच्या जगातूनच या कथेला आव्हान मिळाले. जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघांनी आजवरचे क्षेत्रीय प्रयोग तपासले. त्यातल्या जोन्स तर १९९७ च्या मूळ निबंधाच्या सहलेखिका. जंगलात झाडांना जोडणारी बुरशीची जाळी सर्वत्र आहेत आणि त्यांतून मिळणाऱ्या अन्नाने रोपे अधिक चांगली वाढतात, या दोन दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, असे त्यांना दिसले. मोठी झाडे आपल्याच संततीला झुकते माप देतात, या तिसऱ्या दाव्याला तर प्रत्यक्ष जंगलातल्या प्रयोगांचा प्रसिद्ध आधारच सापडला नाही. कार्बन मातीतून किंवा पाण्यातूनही सरकू शकतो, आणि १९९७ च्याच प्रयोगात तुलनेसाठी लावलेल्या, वेगळ्या बुरशी बाळगणाऱ्या सीडरच्या रोपांतही तो काही प्रमाणात पोहोचला होता. शास्त्रज्ञ एकमेकांचे निष्कर्ष उद्धृत करताना ते हळूहळू फुगवत गेले, हे या समीक्षेने दाखवलेले सत्य तर विज्ञानाने स्वतःला लावलेली कसोटीच आहे. अर्थात या समीक्षेने जाळी नाहीतच, असे म्हटलेले नाही. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका जंगलात उंच स्प्रूस झाडांना दिलेला खुणेचा कार्बन शेजारच्या बीच, पाइन आणि लार्च यांच्या मुळांतही मिळाला होता. सिमार्डही आपल्या कामावर ठाम आहेत. वाद पुढे चालेल. पण या वादामुळे शास्त्राबाहेरचा एक प्रश्न समोर येतो. झाडे माया करत नसतील, त्यांना दुःख होत नसेल, तर त्यांच्याबद्दलचा आपला आदरही खोटा ठरतो का?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांच्यात याच विषयावर वाद होतो. झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग ती पंचमहाभूतांची कशी, अशी शंका भरद्वाज घेतात. भृगू एकेक निरीक्षण पुढे ठेवतात. उन्हाने पान कोमेजते, म्हणजे स्पर्श आहे. मेघगर्जनेने फुले-फळे गळतात, म्हणजे श्रवण आहे. वेल आधाराकडे वळते, म्हणजे दृष्टी आहे. मुळांनी पाणी पिते, म्हणजे रसना आहे. जैन दर्शनाने वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले, केवळ स्पर्शाचे इंद्रिय असलेला, आणि त्यावर अहिंसेचे अत्यंत बारीक नियम उभे केले. या दोन्ही मार्गांत आदराचा पाया एकच आहे: झाडाला आपल्यासारखे काहीतरी जाणवते. मातृवृक्षाची कथा याच पायावर उभी आहे. जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगांचे सार 'झाडांनाही भावना असतात' असे सांगण्याची आपली सवयही त्याच जातीची. बोस यांनी दाखवले ते वनस्पतींमधले विद्युत प्रतिसाद आणि वाढीच्या अतिसूक्ष्म हालचाली. ते फार मोठे काम आहे. पण प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे.

बौद्ध विनयपिटकात मात्र याच प्रश्नाला एक वेगळी वाट फुटलेली दिसते. आळवी येथील भिक्षू बांधकामासाठी झाडे तोडत होते. झाडात जीव आहे असे मानणाऱ्या लोकांनी त्यांना नावे ठेवली, आणि बुद्धांनी वनस्पती तोडण्यावर नियम घातला. या नियमात झाडाला जाणीव आहे की नाही, याचा निकाल दिलेला नाही. तो निकाल लागेपर्यंत थांबावे, असेही कुणी म्हटले नाही. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे. झाडाच्या अंतरंगाचे कोडे न सोडवताही माणसाला आपल्या हाताला आवर घालता येतो. माझे म्हणणे या बाजूचे आहे. झाडाचा मान त्याच्या माणूसपणावर टांगून ठेवू नये, कारण तो टांगणारा दोर कच्चा आहे आणि त्याने झाडाचे नुकसानच होते.

नुकसान होते, हे लाकडाच्या अभ्यासानेच दाखवून दिले आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक ॲलेक्स शिगो यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडांची खोडे चिरून आतल्या जखमा पाहिल्या. जखमी लाकूड कधीच बरे होत नाही, असे त्यांना दिसले. माणसाची कातडी जशी भरून येते तसे झाडाचे होत नाही. झाड कुजणाऱ्या भागाभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारते, तो भाग कायमचा कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत पुढे जाते. तोपर्यंत बागकामाच्या जगात झाडाच्या जखमेवर माणसासारखेच उपचार चालत. फांदी खोडाला लागून सपाट कापायची, वर रंग किंवा डांबर फासायचे, ढोली खरवडून स्वच्छ करायची आणि तिच्यात सिमेंट भरायचे. शिगो यांनी दाखवले की सपाट कापण्याने फांदीच्या बुडाशी असलेले संरक्षक कडेच निघून जाते, लेपाने कूज थांबत नाही, आणि ढोली खरवडली की झाडाने कष्टाने उभारलेली भिंत फुटते. म्हणजे झाडाला आपल्यासारखे समजून केलेली सेवाच त्याला मारत होती. त्याला त्याच्या पद्धतीने समजून घेतले, तेव्हाच खरी मदत करता आली.

जंगलाला नीतीचा धडा समजण्यातही हाच धोका आहे. झाडे एकमेकांना मदत करतात म्हणून आपणही करावी, असे म्हटले की पुढच्या उदाहरणाला उत्तर उरत नाही. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडलेल्या बीतून वड उगवतो, मुळे खाली सोडतो, आधार देणाऱ्या खोडाला वेढतो आणि काही वेळा त्याचा जीव घेतो. वटपौर्णिमेला ज्याला सूत गुंडाळतात तोच हा वृक्ष. मदतीवरून जंगल सज्जन ठरत असेल, तर या वेढ्यावरून ते दुर्जनही ठरेल. दोन्ही निवाडे चुकीचे आहेत. वडाला ना करुणा शिकवायची आहे, ना क्रौर्य.

मग आदर कशासाठी? झाडाचे स्वतःचे असे एक भले-बुरे असते, म्हणून. ते आपल्याला कळो न कळो, त्याला जाणवो न जाणवो. बीतून रुजणे, प्रकाशाकडे सरकणे, जखम कोंडणे, बी धरणे, हे सारे त्याच्या जगण्याला दिशा देते, आणि त्या दिशेला मदत किंवा अडथळा होऊ शकतो. दगडाबाबत असे म्हणता येत नाही. अमेरिकी तत्त्वचिंतक पॉल टेलर यांनी १९८६ मध्ये निसर्गाबद्दलच्या आदराची हीच बाजू मांडली. झाडाचे जगणे आपल्यापेक्षा किती निराळे आहे, हे पाहिले की हा मुद्दा अधिक पटतो. उभ्या झाडाच्या खोडातला बहुतांश भाग मेलेल्या पेशींचा असतो. पाणी वर नेणाऱ्या नलिका मेल्यावरच कामाला येतात. अमेरिकेतील यूटा राज्यात ॲस्पेनची सुमारे ४७ हजार खोडे ४० हेक्टरांहून अधिक जागेवर एकाच मुळावर उभी आहेत. तिथे एक झाड कोणते? न्यूझीलंडमध्ये २०१९ साली एकही पान नसलेला कौरीचा बुंधा जिवंत सापडला. शेजारच्या झाडांच्या मुळांशी त्याची मुळे जोडली गेली होती आणि त्यांच्या पाण्यावर तो तगून होता. यात माया शोधण्याची गरज नाही. जन्म, मृत्यू आणि एकटेपणा यांच्या आपल्या व्याख्या जिथे अपुऱ्या पडतात, ते जगणे नम्र व्हायला पुरेसे आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो. लोक प्रेमाने झाडे वाचवतात, युक्तिवादाने नव्हे. मातृवृक्षाची कथा अतिशयोक्त असली तरी तिने झाडे वाचली तर बिघडले कुठे? बिघडते ते पुढच्या तपासणीत. कथेवर टेकलेला आदर कथेबरोबर कोसळतो, आणि तोडणाऱ्याच्या हाती 'झाडांना काही कळत नाही' हे आयते समर्थन येते. आपल्या देवरायांचा अनुभवही हेच सांगतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा काटकीही न उचलण्याच्या नियमामुळे टिकलेली जुनी जंगले त्यांनी जगापुढे आणली. पण राई देवाची म्हणून राखली, तिच्यासाठी नव्हे. म्हणून काही ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तीच राई विकली गेली. आधार झाडाबाहेर असला की असे होते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. ज्याला वेदना नाही, त्याचे नुकसान म्हणजे कुणाचे नुकसान? हा आक्षेप गंभीर आहे, पण तो वेदना हेच एकमेव मूल्य धरून चालतो. आपली धार्मिक परंपरा तसे कधी मानत आली नाही. खंडेनवमीला औजारांची पूजा होते. कोयता दुखावतो असे कुणी समजत नाही. ज्याच्यावर आपले जगणे उभे आहे, त्याच्याशी बेमुर्वत वागायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी आहे. झाडाची पूजा करायची, त्यात वास करणाऱ्या भूतांना दुसरीकडे जाण्याची विनंती करायची, आणि मगच कुऱ्हाड लावायची. हा विधी झाड तोडू नका असे सांगत नाही. लाकूड लागते, हे त्याला मान्य आहे. तो फक्त तोडणाऱ्याला थांबवतो आणि आपली गरज मोठ्याने बोलून दाखवायला लावतो. सिद्ध करण्याचा भार झाडावर नाही, कुऱ्हाड धरणाऱ्यावर आहे. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर हेच आहे.

महाराष्ट्राचा नागरी वृक्षसंरक्षण कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना त्यात वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. या कायद्याने झाडाला भावना असल्याचा पुरावा मागितलेला नाही. तोडणाऱ्याने परवानगी मागायची, कारण द्यायचे आणि नागरिकांनी हरकत घ्यायची, असे त्याचे रूप आहे. तो अनेकदा कागदावर राहतो तो आपण हरकत घेत नाही म्हणून. झाडे बोलतात की नाही याचा निर्णय शास्त्रज्ञांवर सोपवू. आपल्या रस्त्यावरच्या झाडावर नोटीस लागली, तर ती वाचावी, कारण पुरेसे आहे का ते विचारावे, आणि नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी.