वाट कोणी द्यावी?

अरुंद वाटेवर दोघे समोरासमोर आले असता बाजूस कोणी व्हावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु आपल्या पूर्वजांनी तो क्षुल्लक मानला नव्हता. महाभारताच्या आदिपर्वात कल्माषपाद राजा आणि वसिष्ठपुत्र शक्ती यांची गाठ अशाच एका एकेरी वाटेवर पडते. दोघेही आपापला अधिकार सांगतात. राजा चाबूक ओढतो, ऋषी शाप देतो, आणि नरभक्षक झालेल्या राजाच्या तोंडी पुढे शक्तीच प्रथम पडतो. दोघांपाशीही अधिकार होता. नव्हते ते केवळ दोन पावले मागे सरण्याचे औदार्य.

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये ही कथा सौम्य रूपाने नित्य घडत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ वसविलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा आसरा झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींच्या या वसाहतीचे पुढे दाट शहर बनले. पदपथ निराळा, सायकलपथ निराळा, ही चैन तिच्या गल्ल्यांना परवडणारी नव्हती. विठ्ठलवाडी स्टेशन गाठू पाहणारा चाकरमान्या, काठी टेकीत चाललेली आजी आणि सायकलीस किटल्या अडकविलेला दूधवाला, या सर्वांची वाट एकच.

अशा ठिकाणी अग्रमान कोणाचा? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणास द्यावी याचा क्रम सांगितला आहे. त्यात पहिले नाव चाकाच्या वाहनातून जाणाऱ्याचे येते. अतिवृद्ध, रोगी, भारवाहक, स्त्री, स्नातक, राजा आणि वर हे त्यामागून. वृद्धास व रोग्यास दयेपोटी वाट द्यावयाची, राजास व स्नातकास मानापोटी, हे उघड आहे. उलटपक्षी, इंग्लंडातील रहदारीच्या संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून असे तत्त्व आले की, ज्याच्या हातून अधिक इजा संभवते त्याच्यावर जबाबदारीही अधिक. म्हणजे चाकाने वाट मागावयाची नाही, द्यावयाची.

सायकलस्वाराचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पायी चालणारा एका पावलात थांबतो. सायकल थांबविली की घामाने मिळविलेली गती वाया जाते आणि पुन्हा पायांवर जोर द्यावा लागतो. पण त्याच गतीचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. ताशी ५ किलोमीटर चालणाऱ्याच्या तिप्पट वेगाने सायकल निघाली, तर तेवढ्याच वजनामागे धडकेतील ऊर्जा नऊपट होते. एका पारड्यात थोडे श्रम, दुसऱ्यात वृद्धेचे मोडलेले हाड. ही तुलना समतोल म्हणता येईल काय?

घंटी वाजविली की आपले कर्तव्य संपले, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. वस्तुतः घंटी ही सूचना आहे, आज्ञा नव्हे. ऐकू न येणाऱ्यास ती सूचनाही होत नाही, आणि दचकलेले मूल कोणत्या बाजूस धावेल याचा नेम नसतो. म्हणून घंटीबरोबर वेगही उतरला पाहिजे.

पादचाऱ्याचा अग्रमान मान्य केला म्हणजे त्याची बेपर्वाई मान्य केली असे मात्र नव्हे. चौघांनी हातात हात घालून सारी वाट अडविणे, किंवा मोबाईलमध्ये डोळे गुंतवून चालणे, हा आपल्या दुर्बलतेचा दुरुपयोगच होय. ज्याला वाट मिळते त्याने ती पुढच्यासाठी मोकळीही ठेवावी.

आणि या वादात एक तिसरा पक्ष सदैव अनुपस्थित असतो. सायकलस्वार गल्लीत शिरतो तो पुष्कळदा हौसेने नव्हे, मोठ्या रस्त्यावरील मोटारींच्या धाकाने. इंडियन रोड्स काँग्रेस पदपथावर चालावयास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते. तेवढ्या जागेत एखादी मोटार उभी करून धनी खुशाल निघून जातो. मग उरलेल्या हातभर वाटेसाठी दोन दुबळे एकमेकांवर खेकसतात. जबाबदारी सामर्थ्याच्या प्रमाणात असावी, हे तत्त्व सायकलस्वारापाशी थांबवावयाचे नाही. ते वरपर्यंत नेले पाहिजे. पण मोटारवाल्यास ते पटेपर्यंत सायकलस्वाराने वाट पाहू नये. आपल्याहून दुबळा समोर आला की ब्रेक दाबावा. मोटारवाल्याकडून तीच अपेक्षा बाळगण्याचा अधिकार त्यातूनच लाभतो.