ओंजळ कुणाची काढायची?

‘घोटभर पाणी’ ही प्रेमानंद गज्वींची 1977 सालची एकांकिका. आमच्या पोरांनी ती बसवली आणि पोस्टर माझ्या गळ्यात पडलं. मला बरं चितारता येतं, एवढाच गुन्हा. पहिलं चित्र तासाभरात झालं. वाकलेला माणूस, तोंडाशी ओंजळ, वरून धार. पोरं म्हणाली, झकास! मला मात्र ते भिंतीवर डकवेना.

का? नाटकात माणूस वाकतो, मग बोलतो, भांडतो. पोस्टरात तो वाकलेलाच राहतो. नाटकाला शंभर माणसं येतील. एसटी स्टँडच्या भिंतीवरनं मात्र अख्खा तालुका जाणार. ज्यांनी वाकवलं तेही चहा पीत बघणार. त्यांना त्यात काय वावगं दिसणार? आपल्या वेदनेला वाहवा करून घरी जाणारे रसिक काय आपण कमी पाहिलेत? आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, 2014 साली शाळकरी पोराचा देह झाडाला लटकलेला सापडला. सगळ्यांनी बघितलं. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले.

मग काय, लपवायचं? घरी म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, “आरं, वाकले व्हते मी. तहान लागल्यावर काय करनार? तुला कशाची लाज? वरून वतनारीला वाटू दे की!”

मी गप्पच झालो. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनीही ओंजळीनंच पाणी घेतलं. वाकल्याशिवाय तळ्याचं पाणी हाती येतच नाही. म्हणजे अपमान वाकण्यात नाही, ओंजळीतही नाही. तळ्यावर माणूस पाण्यासाठी वाकतो; गावच्या आडावर दुसऱ्याच्या हाताखाली वाकतो. फरक त्या दुसऱ्या हाताचा. आणि माझ्या चित्रात नेमका तो हातच चौकटीबाहेर राहिला होता. आरोपीला मीही सोडूनच दिलं होतं!

कोपऱ्यात बाबासाहेबांचा फोटो टाका, गर्दी होईल, असंही एकजण म्हणाला. मी नको म्हणालो. त्यावर भांडण झालं, ते वेगळं.

दुसरं चित्र काढलं. खालून वर पाहिलेला तांब्या, बांगड्यांचा हात, पाणी अजून सुटलेलं नाही. पिणारा कुठंच नाही. बघणारा उभा राहील तीच त्याची जागा. काळ्या शाईत स्क्रीनवर छापलं, रात्री खळ लावून डकवलं.

सकाळी म्हातारीला नेऊन दाखवलं. तिनं लई वेळ पाहिलं. म्हणाली, “हात तिचाच हाय. पर मी कुठंय यात?”

पुढच्या प्रयोगाचा कागद अजून कोराच आहे.