पाइप बदलला, गाडी तीच का?

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांपुढं सरकला, की जुन्या गाडीत सगळ्यात आधी हात टेकतं ते रबर. पोर्शे ९११ घ्या. १९६४ ते १९९८ या काळातल्या या गाडीला रेडिएटरच नाही; इंजिन थंड राहतं ते हवेवर आणि ऑइलवर. ऑइलची टाकीही वेगळी. पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली उतरलेला गॅस ब्रीदरच्या रबरी पाइपातून आधी त्या टाकीत आणि मग एअर फिल्टरकडे जातो. वर्षानुवर्षं ही तेलकट वाफ पिऊन पाइप फुगून लिबलिबीत होतो, नाही तर कडक होऊन नेमका क्लिपच्या कडेशी चिरतो.

तो बदलायचाच, यात वाद नाही. वाद असतो पुढं: कारखान्याचा शिक्का असलेला पाइप आणि मूळ क्लिपा उतरवल्यावर गाडी ‘ओरिजनल’ राहते का?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला हेच विचारतो, फक्त गाडीऐवजी रथाबद्दल. चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सुटे भाग एकत्र जुळले म्हणून ‘रथ’ म्हणायचं, एवढंच. शौकीन मंडळींना हे उत्तर सोयीचं वाटेल. पण मग कुठलाही पाइप कोंबला तरी चालेल का?

त्याचं उत्तर वऱ्हाडातच सापडतं, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी घरोघर, माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. त्यातून वेगवेगळे पाठ झाले. मात्र कुणाची आठवण वेगळी पडली, तर ती गाळण्याऐवजी त्याच्या नावानिशी नोंदवण्याची शिस्त त्यांनी पाळली. आज अभ्यासक ‘लीळाचरित्रा’वर भरवसा ठेवतात तो त्या नोंदींमुळे. मूळ पोथी कुणापाशीच नाही.

गाडीलाही हाच न्याय लावावा: जे बदललं ते लपवू नये, नोंदवावं. आणि बदलताना पाइप कामाला योग्य असाच निवडावा. ब्रीदरसाठी नायट्राइलचा किंवा इंजिनाची धग जास्त लागते तिथं व्हायटनचा पाइप घ्यावा. दुकानदार रेडिएटरचा पाइप पुढं करील, दिसायला तो तसाच असतो. पण तो बहुधा ईपीडीएमचा, पाण्यासाठी उत्तम, ऑइल लागलं की फुगणारा. पट्टीला आरपार खाचा असलेली स्वस्त स्क्रूची क्लिप जास्त आवळली की रबर त्या खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप घ्यावी, ती मूळ घडणीची मिळाली तर उत्तमच.

काढलेली क्लिप चिठ्ठी लावून डबीत ठेवा, काय बदललं आणि कधी ते वहीत लिहा. गाडी विकाल तेव्हा डबी आणि वही दोन्ही घेणाऱ्याच्या हाती द्या.