नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट

डोंबिवलीतल्या मीनलवहिनींच्या मोदकांची ख्याती अशी, की गणेश चतुर्थीच्या आठवडाभर आधीच त्यांची ऑर्डरची वही भरून जायची. पारी पातळ, पाकळ्या एकसारख्या, सारणात वेलदोडा बेताचा. घोडं अडायचं ते वेळेपाशी. डाळ-भाताचा हिशेब कुकरच्या शिट्ट्यांवर चालतो, पण मोदकपात्राला शिट्टी नसते. मोदक दहा-बारा मिनिटं वाफेवर राहायला हवेत. वाफ कमी पडली तर पारी कच्चट राहून दाताला चिकटते, जास्त झाली तर मोदक फुटून गुळाचा पाक खाली उतरतो. तीन शेगड्यांवर तीन पात्रं चढली, की कुठलं कधी चढवलं ते लक्षात राहीना. मोबाइलमध्ये टायमर होता, पण सणाच्या दिवसांत मोबाइल सतत कानाला, आणि कानाला नसेल तेव्हा हात उकडीत.

ओट्यावरून थेट दिसेल असा हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. ऑर्डरींचा हिशेब त्यातच असायचा.

“ओंकार, यावर मोठ्ठ्या आकड्यांचा एखादा टायमर टाकून दे ना,” वहिनी लेकाला म्हणाल्या. “फुकटातला बघ हं. घंटी वाजवायचे पैसे नाही द्यायचे मी.”

ओंकार बारावीत. घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ तोच, कारण दुसरा कोणी दावेदार नव्हता. त्याने शोध घेतला तर टायमर कमी आणि टोमॅटो जास्त दिसायला लागले. त्याला कारण आहे. 1980च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर समोर ठेवून पंचवीस-पंचवीस मिनिटं अभ्यास करायची पद्धत काढली, तिला पोमोदोरो असं नाव दिलं, आणि तेव्हापासून टायमरचे निम्मे प्रोग्राम लाल-गोल झाले. ओंकारला अभ्यासाची आठवण करून देणारं काही नकोच होतं. तो पुढे सरकला.

एका पानावर हवं ते मिळालं. त्या पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन हिरवी बटणं होती. त्यातल्या दोन जाहिराती होत्या, हे ओळखायला थोडं थांबावं लागलं असतं. ओंकारने सगळ्यात मोठं बटण दाबलं. पानाने वर सूचना पाठवायची परवानगी मागितली, ती त्याने दिली. मग पडद्यावर पिवळ्या पट्टीची खिडकी आली: या प्रोग्रामचा प्रकाशक अज्ञात आहे, त्याला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? हो. मग इन्स्टॉलर सुरू झाला. वर ठळक अक्षरांत ‘शिफारस केलेली पद्धत’, खाली फिकट करड्या रंगात ‘स्वतः निवडा’. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

आता इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टायमर उत्तम होता. अंड्याच्या आकाराची तबकडी, तळहाताएवढे आकडे, खणखणीत टिंग. वहिनी खूश. असले प्रोग्राम आपलं दाखवायचं काम चोख करतात, म्हणून तर कोणी त्यांना काढून टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं दिसलं. शोधायला काही टाकलं, की गूगलऐवजी भलतंच कुठलं तरी पान उघडायचं. मग उजव्या कोपऱ्यात खाली लाल चौकोन यायला लागला, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले’, आणि त्याच्याबरोबर टिंग. ओंकार चौकोन बंद करायचा, तासाभराने तो पुन्हा यायचा. घरात सगळ्यांना सवय झाली. कशाचीही सवय होते आपल्याला.

चतुर्थीच्या पहाटे तिन्ही शेगड्या पेटल्या होत्या. मदतीला जाऊबाई आल्या होत्या. वहिनी दारात एका गिऱ्हाइकाशी बोलत असताना हॉलमधून टिंग झालं. जाऊबाईंनी तत्परतेने मोदकपात्र उतरवलं, मोदक गार पाण्याचा हात लावून केळीच्या पानावर काढले. वाजला होता तो लाल चौकोन. मोदकांना चढून चारच मिनिटं झाली होती. काही पानाला चिकटले, काहींची शेंडी हातात आली. आठ वाजता न्यायला येणाऱ्यांची ऑर्डर 21 मोदकांची होती. ती घरच्या नैवेद्यातून पुरी केली आणि घरच्या बाप्पापुढे त्या वर्षी 11च मोदक गेले.

आरती झाली, जेवणं झाली आणि अप्पा कॉम्प्युटरसमोर बसले. अप्पा म्हणजे वहिनींचे सासरे. उभी हयात बँकेत गेलेली. अजूनही सोसायटीच्या नोटिशीवर सही करायची तर आधी मागची बाजू वाचणारे. ओंकारला त्यांनी शेजारी स्टूल दिलं.

“काय काय आलंय ते आधी बघू.”

सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी ॲप्सची यादी काढली आणि ती तारखेप्रमाणे लावली. टायमरच्याच तारखेला आणखी तीन प्रोग्राम आले होते. एक ब्राउझरला चिकटलेला, एक ‘कॉम्प्युटर वेगवान करणारा’, एकाच्या नावावरून काहीच बोध होत नव्हता.

“हे तर मी घेतलेच नव्हते,” ओंकार म्हणाला.

“घेतलेस. करड्या अक्षरांत होते. खुणा आधीच केलेल्या होत्या, तू फक्त हो म्हणालास. अरे, जावासारख्या नावाजलेल्या प्रोग्रामबरोबरही कित्येक वर्षं आस्क टूलबार असाच यायचा. मग हे तर बिननावाचं.”

चारही प्रोग्राम काढले. ब्राउझरमध्ये सूचना पाठवायची परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहून त्या पानाचं नाव खोडलं, पहिलं पान पूर्ववत केलं. मग विंडोजच्या डिफेंडरला सगळा कॉम्प्युटर तपासायला लावला. ते बराच वेळ चालणार होतं. तेवढ्यात अप्पा बोलायला मोकळे झाले.

“मला सांग, टायमरला आपल्याकडून काय लागतं? किती मिनिटं, एवढंच. मग त्याला ब्राउझर कशाला हवा? फुकटात भांडी घासते म्हणून आलेल्या बाईने पहिल्याच दिवशी कपाटाच्या किल्ल्या मागितल्या, तर तुझी आई देईल का?”

“पण फुकट म्हटल्यावर असंच असणार ना, अप्पा?”

“मुळीच नाही. हौसेने प्रोग्राम लिहून फुकट देणारी पुष्कळ भली माणसं आहेत. ती आपलं नाव लपवत नाहीत. ज्याने लिहिलाय त्याच्या स्वतःच्या पानावरून घे, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून. फाइलवर उजवं बटण दाबलंस, की प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही आहे का ते कळतं. सही नाही म्हणजे चोरच असं नाही, हौशी लोकांना ती परवडत नाही. पण मग जपून. व्हायरसटोटल नावाची साइट आहे, तिथे फाइल टाकली की अनेक अँटिव्हायरस ती एकदम तपासतात. आणि ‘स्वतः निवडा’ असं जिथे लिहिलं असेल, तिथेच दाबायचं. दोन मिनिटं जास्त लागतात.”

तपासणी सरकत होती. अप्पांनी स्टार्ट दाबून ‘क्लॉक’ एवढंच टाइप केलं. विंडोजचं स्वतःचं घड्याळ उघडलं आणि डावीकडे पहिल्या काही ओळींतच टायमर होता. कॉम्प्युटर घरी आला त्या दिवसापासून तो तिथे होता. वहिनींनी पदराला हात पुसले आणि जवळ आल्या. अप्पांनी एकाखाली एक असे तीन टायमर केले, प्रत्येकी बारा मिनिटांचे, आणि नावं दिली: मोठी शेगडी, मधली, बारकी. एक बटण दाबलं, की आकडे मोठे होत होते; दुसरं दाबलं, की टायमर बाकीच्या खिडक्यांच्या वर राहत होता.

“बाबा, एवढं होतं तर तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” वहिनी म्हणाल्या.

“मला कोणी विचारलं?” अप्पांनी चष्मा वर केला. “आणि एक लक्षात ठेव, कॉम्प्युटर झोपला की हा पण वाजत नाही. खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलंय, वाच.” कॉम्प्युटर आपोआप झोपायची वेळ त्यांनी काढून टाकली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

अनंत चतुर्दशीच्या ऑर्डरी त्या तीन टायमरांवर निभावल्या. शेजारच्या काकू वाटीभर सारण मागायला आल्या होत्या, त्यांनी पडद्यावरचे आकडे पाहिले.

“अगं, हे छान आहे की गं! मलाही पेनड्राइव्हवर दे ना.”

“काकू, द्यायचं काही नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेच हे. क्लॉक म्हणून शोधा.”

काकूंचा चेहरा उतरला. “आहेच? मग नको बाई. जरा चांगलंसं बघते मी नेटवर,” असं म्हणून त्या सारण घेऊन गेल्या. अप्पा चप्पल शोधायला लागले.

“कुठे निघालात, बाबा?”

“काकूंकडे. त्यांनी बटण दाबायच्या आत.”