विसावा आणि त्याची सीमा

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात गळीत हंगामाची पाळी संपवून आलेला कामगार मोबाईलवर आकड्यांनुसार रंग भरत बसला, तर त्यात गैर नाही. मन सदैव एकाच अवस्थेत राहत नाही, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत हन्जला (रजि.) यांना समजावले होते (सहीह मुस्लिम). कोणता रंग कुठे, हे आकडाच ठरवतो. म्हणून मनाचा भार हलका होतो. परंतु कधी थांबावे, हे तो सांगत नाही. एक चित्र पुरे होताच दुसरे समोर येते. सहीह बुखारीतील हदीसनुसार आरोग्य व फुरसत या देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात. अजान किंवा मुलाची हाक ऐकताच बोट थांबते काय, हे प्रत्येकाने तपासावे. अल्लाह आपणास फुरसतीची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.