नाटकाच्या पोटातलं नाटक

गोष्टीत गोष्ट आणि नाटकात नाटक ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. सौती नैमिषारण्यात शौनकाला महाभारत सांगतो, त्यात वैशंपायन जनमेजयाला सांगत असतो, आणि त्याच्याही आत संजय धृतराष्ट्राला युद्ध ऐकवत असतो. या रचनेचं कौतुक बहुधा कारागिरी म्हणून होतं. मला मात्र वाचताना आणि नाटकं पाहताना वेगळाच प्रश्न पडत आला आहे: आतल्या जगात जे घडतं, ते बाहेरच्या जगातल्या कोणाला बघावं लागतं?

भवभूतीचं ‘उत्तररामचरित’ हे आठव्या शतकातलं सात अंकी नाटक. त्याच्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्या आयुष्यावर काढलेली चित्रं पाहतात. शूर्पणखेचं चित्र समोर येताच गरोदर सीता घाबरते. ताटातूट आता पुन्हा होणार असं तिला वाटतं. हे नुसतं चित्र आहे, अशी राम तिची समजूत घालतो. आणि अंक संपायच्या आत, लोकापवाद कानावर आल्यावर, तोच राम तिचा त्याग करतो.

सातव्या अंकात बारा वर्षं उलटून गेलेली आहेत. गंगेच्या काठी वाल्मीकींनी रचलेला नाट्यप्रयोग अप्सरा सादर करतात, आणि प्रेक्षकांत राम, लक्ष्मण व प्रजाजन बसलेले असतात. वनात एकटी पडलेली सीता गंगेत उडी घेते, जुळ्यांना जन्म देते, गंगा आणि पृथ्वी तिला सावरतात. लेकीवर झालेल्या अन्यायाबद्दल पृथ्वी रामाला बोल लावते आणि राम ते समोर बसून ऐकतो. मधेच तो भान हरपून सीतेला हाक मारतो, तेव्हा लक्ष्मण त्याला सांगतो की हे नाटक आहे. पहिल्या अंकात सीतेला धीर देणाऱ्याला आता स्वतःलाच कोणी सावरावं लागतं.

राजाला त्याच्या दरबारात हे कोणी ऐकवू शकलं नसतं. अफवेवर विसंबलेल्या प्रजेलाही, तिच्या बोलण्यामुळे एका बाईवर काय गुदरलं हे दाखवायला दुसरी जागा नव्हती. ती जागा नाटकाने दिली. राम मूर्च्छित पडतो, अरुंधती खरीखुरी सीता घेऊन येते आणि तिच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो. मग अरुंधती लोकांना विचारते, आणि लोक सीतेपुढे नमतात. वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीता भूमीत जाते. भवभूतीने तिला परत आणलं, ते या आतल्या नाटकाच्या वाटेने.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं होतं आणि बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावात येते. रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ घालवायला आणि गावातल्या सामंताला कोर्ट समजावून द्यायला ती एक खोटा खटला मांडते. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. थट्टेत सुरू झालेला हा खेळ हळूहळू त्या अविवाहित, गरोदर शिक्षिकेचं खरं आयुष्य चव्हाट्यावर आणतो. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावतात. तेवढ्यात गावकरी प्रयोगासाठी दाराशी येतात आणि सगळे झटकन नेहमीसारखे होतात. खेळच तर होता, मनावर काय घ्यायचं!

मी हे नाटक पाहिलं तेव्हा पहिल्या अंकात सभागृह मनमोकळं हसत होतं, मीही हसत होतो. तिसऱ्या अंकात कोणी हसलं नाही. ज्या खटल्यात आपण मजा घेतली, त्याच्या निकालात आपलाही वाटा आहे, हे तिथे अंगावर आलं.

ही दोन नाटकं मला एकमेकांशेजारी ठेवावीशी वाटतात. दोन्हींच्या आतल्या नाटकात एक गरोदर स्त्री आहे, आणि तिचा निवाडा करणारे लोक आहेत. फरक प्रेक्षकांत आहे. भवभूतीने ज्याच्या हातून अन्याय झाला त्याला, आणि ज्यांच्या बोलण्यामुळे झाला त्यांनाही, समोर बसवून सगळं बघायला लावलं. तेंडुलकरांच्या नाटकात बेणारेच्या मुलाचा बाप प्रोफेसर दामले येतच नाही. कोर्टातला प्रत्येक जण खेळण्यात गुंतलेला आहे. सामंताचा जीव कळवळतो, पण त्याच्या हाती काही नाही. उत्तर देण्याची जबाबदारी मग तिकीट काढून बसलेल्या आपल्यावर येते. म्हणून सीता आतल्या नाटकामागोमाग सन्मानाने बाहेर येते आणि बेणारे त्यातच अडकून राहते.

‘हे नाटक आहे’ असं लक्ष्मणही म्हणतो आणि बेणारेचे सोबतीही म्हणतात. लक्ष्मण ते दुखावलेल्याला सावरण्यासाठी म्हणतो, तर बेणारेचे सोबती दुखावून झाल्यावर अंग काढून घेण्यासाठी. भवभूतीचा सातवा अंक आणि तेंडुलकरांचा तिसरा एका बैठकीत वाचून पाहा. आणि यापुढे कोणी ‘गंमत होती’ म्हणालं, तर ती गंमत कोणाच्या जिवावर झाली हे तिथल्या तिथे विचारा.