चाकातला विवेक

माणसाचा विवेक शरीरात नेमका कुठे असतो, याविषयी तत्त्वज्ञांचे एकमत नाही. कोणी तो हृदयात ठेवतो, कोणी बुद्धीत, आणि आमच्या वलगावातले व्यवहारी लोक तो शेजाऱ्याच्या डोळ्यांत ठेवतात. मोटारीच्या बाबतीत मात्र हा वाद मिटलेला आहे. नव्या मोटारीचा विवेक चाकात असतो. हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमच्या आतल्या अंगाला. तिथे एक चिमुकली डबी बसवलेली असते. तिच्यात बॅटरी, आणि प्रत्येक डबीला स्वतःचा नंबर. हवा उतरली की ती बिनतारी संदेश पाठवते आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत 2000 साली यासाठी कायदा झाला आणि 2007 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला.

सॉक्रेटिसाच्या आत एक आवाज होता म्हणतात. तो ‘हे कर’ असे कधी सांगत नसे, ‘हे करू नकोस’ एवढेच सांगे. पिवळा दिवा त्याच घराण्यातला. पण सॉक्रेटिसाचा आवाज बारीकसारीक गोष्टींतही आडवा येई. हा दिवा फार सोशिक आहे. अमेरिकन नियमाप्रमाणे हवा चतुर्थांशाने उतरली की त्याने बोलावे. म्हणजे तेहतीस पौंडांची सव्वीस झाली तरी तो गप्प. दिवा लागला नाही म्हणून स्वतःला पुण्यवान समजणारे पुष्कळ लोक आपल्या ओळखीत असतात. त्यांची हवा बहुधा सव्वीसच्या आसपास असते.

आता, आमच्या वऱ्हाडात ऋतू बदलला म्हणून कोणी चाके बदलत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला असा लिंपतो की चाक आपोआपच दुसरे होते. पण माझा पुतण्या माँट्रियलला असतो. तिथे क्विबेक सरकारचा कायदा आहे : 1 डिसेंबर ते 15 मार्च मोटारीला हिवाळी टायर हवेतच. म्हणून लोक चाकांचे दोन संच बाळगतात, आपण छत्री आणि स्वेटर बाळगतो तसे.

घोटाळा इथेच होतो. डब्या उन्हाळी चाकांबरोबर तळघरात निजतात, आणि मोटार बर्फातून जाताना त्यांचेच नंबर घेऊन हाका मारीत राहते. ओ कोण देणार? मग दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि नंतर स्थिर होतो. लुकलुकणे म्हणजे ‘मला माहीत नाही’ आणि स्थिर म्हणजे ‘हवा कमी आहे’. पण दीड मिनिटानंतर अज्ञान आणि ज्ञान यांचा चेहरा अगदी एकसारखा दिसतो. (हे मोटारीपुरतेच खरे आहे असे नाही.)

एकदा पुतण्या गाडीत बसूनच व्हिडिओवर बोलत होता. आमच्या थोरल्या बंधूंनी पडद्यावर बरोबर तो दिवा टिपला.

“काहून रे, तो पिवळा दिवा कायचा?”

“काही नाही बाबा. तो हिवाळाभर लागूनच राहते.”

“मंग खरंच हवा गेली तं कसं समजन?”

माँट्रियलकडून काही वेळ नुसता वायपरचा आवाज आला.

बंधूंचे आयुष्य बंडी हाकण्यात गेले. उन्हाळ्यात लाकूड आटून चाकाची लोखंडी धाव सैल होई, तिचा खडखड आवाज त्यांना कळे आणि चाक पाण्यात भिजत पडे. त्यांचा सेन्सर कानात होता. पण कानाचेही फार कौतुक नको. वंगण संपलेल्या आसाची करकर बंडीवाल्याला रोज ऐकून गोड लागू लागते. ती खटकते वाटेने जाणाऱ्याला. घरोघरच्या आज्या ‘जपून जा’ म्हणतात, रोज म्हणतात, म्हणून तर कोणी जपून जात नाही. कायम लागलेला दिवा हा विझलेलाच दिवा.

आणि तिकडे धोका खरा असतो. हवा थंडीने आक्रसते. पाच-सहा अंशांमागे एक पौंड. वीस अंशांत भरलेली हवा उणे वीसला सहा-सात पौंडांनी उतरते. ना पंक्चर, ना खिळा. कोणी काही पाप न करता पुण्य आटते.

उपाय आहेत. हिवाळी चाकांत वेगळ्या डब्या बसवायच्या आणि दर ऋतूत गॅरेजमध्ये त्यांचे नंबर मोटारीला शिकवायचे. किंवा नव्या डब्यांना जुन्यांचेच नंबर द्यायचे, म्हणजे चाके बदलल्याचे मोटारीला कळतच नाही. भाऊसाहेबांच्या तोतयाने पुणे दरबाराला जेवढा ताप दिला, तेवढाही हे तोतये देत नाहीत. शिवाय नाव खोटे असले तरी ते सांगतात ती हवा खरी असते. पुतण्याने हेच तोतये बसवून घेतले. खरे नाव सांगून खोटी खबर देणाऱ्यांपेक्षा ते परवडले.

काही मोटारींत डब्याच नसतात. तिथे मोटार चारही चाकांचे फेरे मोजते. हवा उतरलेले चाक किंचित लहान होते, म्हणून ते इतरांपेक्षा भरभर फिरते, आणि चोरी पकडली जाते. युक्ती नामी आहे, पण चारही चाके सारखीच उतरली तर साध्या यंत्रणेला त्यात काही वावगे दिसत नाही. सगळेच तसे फिरताहेत ना! शिवाय चाके बदलली की एक बटण दाबून तिला सांगावे लागते, “आता आहे ती हवा बरोबर.” कमी हवेवर बटण दाबलेत तर ती तीच कमी हवा प्रमाण मानते आणि पुढे इमानाने तिचीच राखण करते. लाच घेणारा माणूसही ‘साहेबांपेक्षा कमीच घेतो’ असे सांगतो तेव्हा, त्याचे बटण कोणत्या हवेवर दाबले गेले ते समजते.

आमच्या वलगावजवळच, पेढी नदीपाशी, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. गावभर सारखाच उकिरडा असला की तुलनेला काही उरत नाही, आणि गावाला तो दिसतही नाही. बाबा गावात येत ते शेजारच्या गावाशी तुलना करायला नव्हे. ते सरळ खराटा हातात घेत. गावाला आपला कचरा दिसे तो बाबा झाडू लागल्यावर.

परतवाडा रस्त्यावर एक पंक्चरवाला आहे. नव्या मोटारीतला कोणी दिव्याची तक्रार घेऊन आला की तो उठतो, खिशातला गेज काढतो, चारही चाकांवर लावतो आणि म्हणतो, “दिवा कायले पाह्यता भाऊ, चाक पाहा ना!” एवढे झाल्यावर हवा भरतो, आणि बटण दाबायला सांगतो ते सगळ्यात शेवटी.